कमी ॲस्फाल्टीनचं क्रूड डिसॉल्टरला का छळतं?

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रिफायनरीत डिसॉल्टर (क्रूडमधलं म्हणजे कच्च्या तेलातलं मीठ आणि पाणी विद्युतक्षेत्राने वेगळं करणारं पात्र) सांभाळणाऱ्या तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. ७ टक्के ॲस्फाल्टीन (क्रूडमधला जड अंश, नेमकी व्याख्या पुढे येते) असलेलं जड क्रूड त्यांनी बरेच दिवस चालवलं, डिसॉल्टरने फारशी कुरकुर केली नाही. मग त्याच क्रूडमध्ये हलकं, पॅराफिनी क्रूड मिसळलं. ॲस्फाल्टीन अडीच टक्क्यांवर आलं आणि दोन शिफ्टच्या आत रॅग लेयर (तेल आणि पाण्याच्या मध्ये अडकलेला इमल्शनचा थर) फुगला, ट्रान्सफॉर्मरचे अँपिअर चढले, ब्राइनबरोबर (खाली जमणाऱ्या खाऱ्या पाण्याबरोबर) तेल ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणात, जाऊ लागलं. ते विचारतात, "ॲस्फाल्टीनमुळे तेलातलं पाण्याचं इमल्शन पक्कं होतं असं सगळीकडे वाचलंय. मग ॲस्फाल्टीन कमी केल्यावर ते सुटायला हवं होतं ना?"

तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि पुस्तकातलं वाक्यही खोटं नाही. घोळ टक्क्यांचा आहे. ॲस्फाल्टीन इमल्शनला, म्हणजे तेलात न सुटता राहिलेल्या पाण्याच्या बारीक थेंबांना, किती बळ देणार, हे ते तेलात किती टक्के आहे यापेक्षा ते तेलात कितपत सुखाने विरघळलेलं आहे यावर ठरतं. नीट विरघळलेलं ७ टक्के ॲस्फाल्टीन गप्प राहू शकतं. विरघळण्याच्या अगदी काठावर येऊन बसलेलं अर्धा टक्का ॲस्फाल्टीन मात्र रात्रपाळीची झोप उडवतं. हलकं क्रूड मिसळून तुम्ही टक्केवारी खाली आणलीत आणि त्याच वेळी ॲस्फाल्टीनला त्या काठावर नेऊन ठेवलंत.

आता जरा मुळापासून. ॲस्फाल्टीन हे एखाद्या रेणूचं नाव नाही. फ्रेंच रसायनज्ञ बूसँगो यांनी १८३७ मध्ये हा शब्द वापरला. आजची व्याख्या सरळ प्रयोगशाळेच्या बाकावरची आहे: क्रूडमधला जो भाग नॉर्मल हेप्टेनमध्ये (पॅराफिनी द्रावक) विरघळत नाही पण टोल्युइनमध्ये (ॲरोमॅटिक द्रावक) विरघळतो, तो ॲस्फाल्टीन. म्हणजे हजारो वेगवेगळे रेणू केवळ विद्राव्यतेच्या चाळणीने एका गटात पडलेले. यातल्या सरासरी रेणूचं वस्तुमान ७५० डाल्टनच्या आसपास. मध्ये एकमेकांना चिकटलेली काही ॲरोमॅटिक वलयं, कडेने अल्किल शेपट्या, आणि अधूनमधून नायट्रोजन, गंधक, ऑक्सिजन. व्हॅनेडियम आणि निकेलही बव्हंशी इथे आणि रेझिनमध्येच सापडतात. ही वलयं एकमेकांवर थर लावून बसतात. येन यांनी १९६० च्या दशकात मांडलेलं आणि मलिन्स यांनी २०१० मध्ये सुधारलेलं चित्र आज बहुतेक जण मानतात: सहाएक रेणूंची सुमारे २ नॅनोमीटरची जुडी आणि अशा आठेक जुड्यांचा सुमारे ५ नॅनोमीटरचा पुंजका. टोल्युइनसारख्या चांगल्या द्रावकातही लिटरला शंभरेक मिलिग्रॅमच्या आसपास जुड्या बनू लागतात. क्रूडमध्ये प्रमाण याच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे तिथे ॲस्फाल्टीन एकटं-दुकटं फिरत नाही, जमावानेच असतं. त्या जमावाच्या कडेने रेझिन असतात. रेझिनही त्याच घराण्यातले ध्रुवीय रेणू, पण आकाराने लहान आणि हेप्टेनमध्ये विरघळणारे.

पाण्याचा थेंब तेलात आला की हे पुंजके तेल-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतात. साबण किंवा डिटर्जंट सीमेवर बसून पृष्ठताण जोरात खाली आणतो, हे आपल्याला माहीत असतं. त्यामुळे ॲस्फाल्टीनही तेच करत असणार असा समज होतो. प्रत्यक्षात टोल्युइन-पाण्याचा आंतरपृष्ठीय ताण मीटरला ३६ मिलिन्यूटनच्या आसपास असतो आणि ॲस्फाल्टीन घातल्यावर तो पंचविशीपर्यंत उतरतो. साबणाच्या मानाने हे काहीच नाही. तरीही टोल्युइन-हेप्टेनमधलं ॲस्फाल्टीनचं इमल्शन आठवडे टिकतं. म्हणजे त्याची ताकद ताण कमी होण्यात नाहीच. ती आहे थेंबाभोवती धरणाऱ्या पापुद्र्यात. गरम दूध निवताना धरणाऱ्या सायीसारखा तो असतो: सुरुवातीला पातळ आणि ढिला, वेळ जाईल तसा जाड आणि ताणला तर ताण धरून ठेवणारा. कॅनडातल्या संशोधकांनी मायक्रोपिपेटने अशा एकेका थेंबातलं पाणी हळूहळू ओढून पाहिलं, तेव्हा थेंब गोल राहून लहान न होता त्याची कातडी सुरकुतली. ज्या द्रवाच्या पृष्ठाला सुरकुत्या पडतात ते पृष्ठ द्रव राहिलेलं नसतं.

डिसॉल्टरमधलं सगळं दुखणं या सुरकुतीत आहे. दोन थेंब एकत्र यायचे तर मधलं तेल निचरून जावं लागतं आणि मग दोन्ही पापुद्रे फाटावे लागतात. विद्युतक्षेत्र थेंबांना ध्रुवित करून जवळ आणण्याचं काम चोख करतं, पण पापुद्रा घट्ट असेल तर थेंब एकमेकांना टेकतात आणि तिथेच थांबतात. क्षेत्राच्या दिशेने अशा थेंबांच्या साखळ्या तयार होतात, त्यातून विद्युतप्रवाह वाहतो, अँपिअर चढतात आणि व्होल्टेज बसतं. तुम्ही पॅनेलवर जे पाहिलंत त्याचा अर्थ हाच. पाणी इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचलंय, थेंबांची भेटही होते आहे, फक्त मीलन होत नाही.

आणि मीलन झाल्याशिवाय पाणी खाली बसणं अशक्य आहे, हे साध्या स्टोक्सच्या सूत्राने कळतं. तेल-पाण्याच्या घनतेतला फरक घनमीटरला १०० किलो धरा, डिसॉल्टरच्या तापमानाला तेलाची स्निग्धता १० सेंटिपॉइज धरा. १० मायक्रॉनचा थेंब तासाला २ मिलिमीटर उतरतो. १०० मायक्रॉनचा २० सेंटिमीटर आणि ३०० मायक्रॉनचा जवळपास पावणेदोन मीटर. डिसॉल्टरमध्ये तेल साधारण अर्धा तास राहतं आणि त्या वेळात ते वरच्या दिशेनेच सरकत असतं. म्हणजे मिक्सिंग व्हॉल्व्हने (धुण्याचं पाणी क्रूडमध्ये घुसळणाऱ्या झडपेने) फोडलेले थेंब शेकडो मायक्रॉनचे झाले नाहीत, तर ते तेलाबरोबर वर निघून जाणार किंवा मध्येच रॅग होऊन लटकणार. व्यास दहापट झाला की वेग शंभरपट होतो, म्हणून सगळा खेळ थेंब मोठा करण्याचा आहे आणि तो मोठा होऊ न देणारा पापुद्रा हा मुख्य शत्रू.

एवढा पापुद्रा धरायला ॲस्फाल्टीन किती लागतं, याचा हिशेब केला की टक्केवारीचं भूत उतरतं. एक लिटर इमल्शन घ्या, त्यात ५ टक्के पाणी, सरासरी थेंब १० मायक्रॉनचा. सगळ्या थेंबांचं पृष्ठफळ मिळून भरतं ३० चौरस मीटर. मोजमापांमध्ये सीमेवर चौरस मीटरला काही मिलिग्रॅम ॲस्फाल्टीन सापडतं. आपण ५ धरू. म्हणजे झाले १५० मिलिग्रॅम. उरलेल्या ९५० मिलिलिटर तेलात २ टक्के जरी ॲस्फाल्टीन असेल, तरी ते सोळा-सतरा ग्रॅम होतं. त्यातला शंभरातला एक भाग सगळे थेंब मढवायला पुरतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गटाने बिटुमेनच्या (तेलवाळूतल्या डांबरासारख्या जड तेलाच्या) ॲस्फाल्टीनचे तुकडे पाडून हेच प्रयोगाने दाखवलं: सीमेवर जाऊन खरा उपद्रव करणारा अंश एकूण ॲस्फाल्टीनच्या २ टक्क्यांहूनही कमी असतो आणि त्यात ऑक्सिजन, विशेषतः सल्फॉक्साइडचे गट, बाकीच्यांपेक्षा जास्त असतात. तेव्हा सात टक्क्यांचे अडीच टक्के केल्याने सीमेवरच्या गर्दीत काहीही फरक पडत नाही. माल दोन्ही वेळा गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. प्रश्न असतो तो सीमेवर जायला उत्सुक आहे की तेलातच खूश आहे, एवढाच.

ही उत्सुकता द्रावक ठरवतो. संशोधक मॅक्लीन आणि किलपॅट्रिक यांचे १९९७ चे प्रयोग या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने पाहावेत असे आहेत. त्यांनी ॲस्फाल्टीन हेप्टेन-टोल्युइनच्या वेगवेगळ्या मिश्रणांत विरघळवलं, पाण्याबरोबर घुसळलं आणि इमल्शन किती पक्कं झालं ते मोजलं. टोल्युइन जास्त असताना ॲस्फाल्टीन छान विरघळलेलं, इमल्शन कमजोर. हेप्टेन वाढवत नेलं तसं इमल्शन पक्कं होत गेलं आणि अवक्षेप सुरू होण्याच्या बिंदूच्या जवळपास सर्वांत पक्कं झालं. त्याही पुढे हेप्टेन ओतलं की ॲस्फाल्टीनचे मोठे गोळे बनून खाली बसतात, सीमेवर यायला मोकळे पुंजके कमी उरतात आणि इमल्शन पुन्हा ढिलं पडतं. म्हणजे आलेख चढतो आणि उतरतो. शिखर असतं काठावर. रेझिन घातले की ते पुंजक्यांभोवती बसून त्यांना तेलात धरून ठेवतात आणि इमल्शन मवाळ होतं. एकट्या रेझिनचं इमल्शन तर फारसं टिकतच नाही. म्हणून क्रूडच्या अहवालात ॲस्फाल्टीनच्या आकड्याशेजारी रेझिनचा आकडा पाहायची सवय लावून घ्या. दोन्ही क्रूडमध्ये ॲस्फाल्टीन सारखंच असलं, तरी ज्याच्यात रेझिन तिप्पट आहे ते सहसा निमूट वागतं.

हा चढउतार कुणाला प्रयोगशाळेतली करामत वाटली, तर अल्बर्टातल्या तेलवाळूकडे बघा. तिथे गरम पाण्याने धुतलेल्या वाळूतून बिटुमेनचा फेस मिळतो आणि त्यात पाणी नि माती अडकलेली असते. जुन्या पद्धतीत त्यात नॅफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल) घालून पातळ करतात. नॅफ्थात ॲरोमॅटिक भाग असतो, ॲस्फाल्टीन बाहेर न पडता काठाच्या अलीकडेच राहतं, आणि मायक्रॉनभर आकाराचे थेंब सेंट्रिफ्यूजलाही जुमानत नाहीत. एक-दोन टक्के पाणी त्यांच्या रूपात तेलात उरतं. दुसरी पद्धत पेंटेन-हेक्सेनसारख्या पॅराफिनी द्रावकाची. फोर्ट मॅकमरेच्या उत्तरेला २००२ च्या अखेरीस सुरू झालेल्या मस्केग रिव्हर खाणीत ती पहिल्यांदा व्यापारी पातळीवर आली. तिथे मुद्दामच काठ ओलांडून पुढे जातात. ॲस्फाल्टीनचा काही भाग बाहेर पडतो, पाण्याचे थेंब आणि मातीचे कण आपल्यात गुंडाळून घेतो आणि खाली बसतो. वर राहतं ते जवळपास कोरडं, स्वच्छ बिटुमेन. तेच ॲस्फाल्टीन, तेच पाणी, फक्त काठाच्या अलीकडे की पलीकडे एवढा फरक! तुमच्या डिसॉल्टरला मात्र पलीकडे जाण्याची चैन परवडणारी नाही. बाहेर पडलेलं ॲस्फाल्टीन रॅगमध्ये, तळाच्या गाळात आणि पुढे प्रीहीट एक्स्चेंजरच्या (क्रूड आधी तापवणाऱ्या) नळ्यांत जाऊन बसेल.

विहिरींच्या बाजूलाही टक्केवारी अशीच फसवते. अल्जीरियातल्या हासी मेसाऊद क्षेत्राच्या हलक्या तेलात ॲस्फाल्टीन पाव टक्काही नाही, तरी तिथल्या नळ्या ॲस्फाल्टीनने चोंदायच्या. व्हेनेझुएलाच्या बोस्कानच्या जड तेलात सतराएक टक्के असून विहिरीत त्याचा त्रास नगण्य. कारण तेच. हलकं तेल ॲस्फाल्टीनसाठी वाईट द्रावक आहे आणि जड, ॲरोमॅटिक तेल चांगलं.

आता तुमच्या ब्लेंडकडे. आयर्विन वीही यांनी क्रूडची सुसंगतता मोजण्यासाठी दोन आकड्यांची पद्धत दिली आहे आणि ब्लेंडिंगच्या रोजच्या कामात मला तिच्याइतकी उपयोगी दुसरी सापडलेली नाही. मोजपट्टी अशी की हेप्टेनला ० आणि टोल्युइनला १००. प्रत्येक तेलाचा एक द्रावकगुण असतो, म्हणजे ते ॲस्फाल्टीनसाठी किती चांगला द्रावक आहे. आणि ॲस्फाल्टीन असलेल्या तेलाचा एक अविद्राव्यता अंक असतो, म्हणजे त्या ॲस्फाल्टीनला विरघळून राहायला निदान किती द्रावकगुण लागतो. मिश्रणाचा द्रावकगुण आकारमानाच्या प्रमाणात सरळ सरासरीने काढायचा आणि तो घटकांपैकी सर्वांत मोठ्या अविद्राव्यता अंकाच्या वर ठेवायचा. तुमचे प्रत्यक्ष आकडे माझ्याजवळ नाहीत, म्हणून समजा: जड क्रूडचा द्रावकगुण ७०, अविद्राव्यता अंक ४०; हलक्याचा द्रावकगुण २०. निम्मं-निम्मं मिसळलं तर सरासरी ४५, चालेल. जड ३५ आणि हलकं ६५ टक्के घेतलं तर साडेसदतीस. गेलं. सीमा बरोबर ४० टक्के जड क्रूडवर आहे. टक्केवारी बघाल तर निम्म्या-निम्म्या ब्लेंडमध्ये ॲस्फाल्टीन साडेतीन आणि त्रास देणाऱ्या ब्लेंडमध्ये अडीचच्या आसपास. तुमच्या प्रश्नातला अडीचचा आकडा वाचला तेव्हा मला पहिली शंका इथेच आली.

अमेरिकेतलं शेल तेल बाजारात भरपूर झालं आणि २०१७ पासून अमेरिकी क्रूड आपल्याकडेही येऊ लागलं, तेव्हापासून हा प्रकार जास्त दिसतो. हलकं, गंधक कमी, कागदावर देखणं, म्हणून खरेदी विभाग खूश असतो. जड ॲस्फाल्टीनी क्रूडला ते सोबती म्हणून द्यायचं तर आधी हिशेब करावा, एवढंच म्हणणं आहे. कंडेन्सेटचंही (वायूबरोबर निघणाऱ्या अतिहलक्या तेलाचंही) तसंच.

मिसळण्याच्या क्रमाकडे लोक दुर्लक्ष करतात. टाकीत आधी जड क्रूड घेऊन त्यात हलकं सोडलं, तर मिश्रणाचा द्रावकगुण वरून हळूहळू खाली येतो आणि शेवटचा आकडा सुरक्षित असेल तर सगळा प्रवासच सुरक्षित होतो. उलट केलं, म्हणजे हलक्याने भरलेल्या टाकीत जड सोडलं, तर पहिल्या काही तासांत जडचा प्रत्येक थेंब वाईट द्रावकात पडतो आणि ॲस्फाल्टीन बाहेर येतं. नंतर हिशेब बरोबर जमला तरी बाहेर आलेलं ॲस्फाल्टीन परत विरघळायला फार वेळ घेतं. टाकीच्या तळाशी आधीच्या हलक्या क्रूडचं शिल्लक पातळीभर तेल असेल, तर तेही या हिशेबात धरायचं.

एकट्या ॲस्फाल्टीनवर सगळा दोष ढकलणंही बरोबर नाही. पापुद्र्यात त्याचे साथीदार असतात. सर्वांत वाईट साथीदार म्हणजे बारीक घनकण: आयर्न सल्फाइड, चिकणमाती, गाळ. स्वच्छ मातीचा कण पाण्यात जाईल, पण त्यावर ॲस्फाल्टीन चढलं की तो ना धड पाण्याचा ना धड तेलाचा होतो आणि नेमका सीमेवर अडकतो. अशा कणांचं चिलखत घातलेला थेंब विद्युतक्षेत्रालाही दाद देत नाही. रॅग लेयर बाहेर काढून धुतला तर हाताला जी करकर लागते ती याचीच. टाक्यांच्या तळाचा गाळ ढवळला गेला किंवा स्लॉप (परत चालवण्यासाठी साठवलेलं टाकाऊ तेल) परत चार्जमध्ये, म्हणजे युनिटला जाणाऱ्या क्रूडमध्ये, घेतलं, की हे कण एकदम वाढतात. जुनं स्लॉप डिसॉल्टरमधून "जिरवण्याची" पद्धत मला कधीच पटली नाही. त्यातला पापुद्रा महिनोन्‌महिने मुरलेला असतो आणि तो तुम्ही ताज्या क्रूडच्या माथी मारता.

पाण्याचा सामू दुसरा. स्ट्रासनर यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की आम्ल पाण्याशी ॲस्फाल्टीनचा पापुद्रा कडक होतो आणि अल्कली बाजूला तो सैल पडतो. यावरून कुणी पाणी अल्कली करायला निघेल तर थांबा: तिकडे नॅफ्थेनिक आम्लांचे साबण तयार होऊन वेगळंच इमल्शन उभं राहतं, शिवाय अमाइन आणि अमोनिया तेलात जाऊन पुढे ओव्हरहेडला (ऊर्ध्वपातन टॉवरच्या माथ्याकडे) क्षार बनवतात. बहुतेक ठिकाणी वॉश वॉटर (मीठ धुण्याचं पाणी) म्हणून सावर वॉटर स्ट्रिपरचं, म्हणजे सांडपाण्यातला अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड काढून टाकणाऱ्या युनिटचं, पाणी घेतात. स्ट्रिपर बिघडला की अमोनिया वाढतो आणि सामू नकळत ९ च्या वर जातो. अपसेटच्या (डिसॉल्टर बिघडल्याच्या) दिवशी वॉश वॉटरचा सामू कुणी मोजला होता का, हे जरूर पाहा. ब्राइनचा सामू ६ ते ८ च्या दरम्यान असलेला बरा.

तिसरं मेण, पण त्याचं प्रकरण सोपं आहे. मुंबई हायचं तेल हलकं, मेणयुक्त, ॲस्फाल्टीन अगदी कमी. त्याचा ओतनांक (ज्याच्या खाली तेल वाहत नाही ते तापमान) ३० अंशांच्या जवळ असल्याने थंड पडल्यावर मेणाचे स्फटिक थेंबांभोवती जमतात आणि इमल्शन धरतं. तापवलं की मेण वितळतं आणि प्रश्न मिटतो. ॲस्फाल्टीनचा पापुद्रा तापवल्याने वितळत नाही. तापमान तेलाची स्निग्धता उतरवतं आणि डिमल्सिफायरला (इमल्शन फोडणाऱ्या रसायनाला) मदत करतं, इतकंच. दुसऱ्या टोकाला मेहसाण्याचं बलोल आणि सांथालचं जड तेल. तिथे हवा आत सोडून भूगर्भातच तेलाचा काही भाग जाळण्याची पद्धत वापरली गेली. अशा ज्वलनात तेलाचं ऑक्सिडेशन होतं, ध्रुवीय ऑक्सिजनी संयुगं वाढतात, त्यात बारीक कण आले की इमल्शन फार चिवट निघतं. वर सल्फॉक्साइडचा उल्लेख केला, त्याच्याशी हे जुळतं.

समुद्रात सांडलेल्या तेलाचंही तसंच. वाऱ्याउन्हाने हलके घटक उडून जातात, त्यात ॲस्फाल्टीनला विरघळवून ठेवणारे हलके ॲरोमॅटिकही जातात, आणि लाटा घुसळत असतात. पक्क्या इमल्शनमध्ये ६० ते ८० टक्के पाणी असू शकतं. तेलाचं आकारमान कित्येक पट फुगतं आणि स्निग्धता हजारपटीच्या घरात जाते. ते पंपाने उचलणं किती जिकिरीचं, हे ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर होऊन जड इंधन तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पसरलं तेव्हा आपल्याकडच्यांनाही कळलं.

तुमच्याकडे आता काय करायचं ते सांगतो. पहिलं काम सूक्ष्मदर्शकाचं. ब्लेंडचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन दोनशे-चारशेपट मोठा करून पाहा. काळे, धाग्याधाग्यांसारखे पुंजके दिसले तर ॲस्फाल्टीन बाहेर पडलेलं आहे; मग बाकीच्या चर्चेची गरज नाही. मेणाच्या स्फटिकांशी गल्लत नको म्हणून काचपट्टी साठेक अंशांपर्यंत तापवून पुन्हा पाहा. फिल्टर कागदावरचा डाग हाही बाकावरचा जुना, स्वस्त उपाय आहे: डागात मध्ये गडद कडं उमटलं तर शंका घ्या.

मग रॅगचा नमुना. चार नळ्यांत थोडा थोडा घ्या. एकीत हेप्टेन, दुसरीत टोल्युइन, तिसरीत टोल्युइन आणि थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, चौथी नुसती ७० अंशांवर ठेवा. नुसत्या तापवण्याने सुटलं तर मेण. टोल्युइनने सुटलं आणि हेप्टेनने घट्ट झालं तर ॲस्फाल्टीन. टोल्युइनने अर्धवट सुटून मध्ये काळा पट्टा राहिला आणि आम्लाने तो विरघळला, सडक्या अंड्याचा वास आला, तर आयर्न सल्फाइड. ही शेवटची नळी धूर खेचणाऱ्या कपाटातच करा. हायड्रोजन सल्फाइडशी खेळ नको. आणि सेंट्रिफ्यूजच्या प्रमाणित चाचणीत बीएसडब्ल्यू (गाळ आणि पाण्याचं प्रमाण) कमी आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या चाचणीत नमुन्यात निम्मं टोल्युइन घालून ६० अंशांना तापवतात. म्हणजे जो पापुद्रा तुम्हाला छळतो आहे, तो चाचणी आधीच विरघळवून टाकते. एकूण पाणी कळतं, ते सुटेल की नाही हे कळत नाही.

उपायांत सर्वांत परिणामकारक म्हणजे ब्लेंडचं प्रमाण बदलणं. वरच्या उदाहरणात जड क्रूड ३५ वरून ५० टक्क्यांवर नेलं की ॲस्फाल्टीन वाढतं आणि डिसॉल्टर शांत होतो. नियोजन विभागाला हे पटवणं जरा अवघड जातं, म्हणून आधी काचपट्टीचा फोटो हातात ठेवा. ते शक्य नसेल तर चार्जमध्ये थोडा ॲरोमॅटिक प्रवाह, उदाहरणार्थ एफसीसीचं (उत्प्रेरकाने जड तेल फोडणाऱ्या युनिटचं) लाइट सायकल ऑइल, घालून द्रावकगुण वर उचलता येतो. त्याचा खर्च आणि युनिटवरचा भार मात्र मोजून घ्या. दरम्यान मिक्सिंग व्हॉल्व्हचा दाबफरक थोडा कमी करा. अपसेटमध्ये मीठ निघत नाही म्हणून व्हॉल्व्ह आणखी आवळण्याचा मोह होतो. त्याने थेंब आणखी बारीक होतात, पृष्ठफळ वाढतं, आणि नव्या पृष्ठाला मढवायला ॲस्फाल्टीन तयारच बसलेलं असतं.

डिमल्सिफायरचं काम आता तुम्हाला वेगळ्या नजरेने दिसेल. इथिलीन-प्रॉपिलीन ऑक्साइडचे ब्लॉक पॉलिमर असोत की अल्किलफिनॉल रेझिनवर बेतलेले, ते ॲस्फाल्टीनपेक्षा जास्त ओढीने सीमेवर जातात, पापुद्र्यातल्या फटींत घुसतात आणि तो मऊ करतात. सीमेवर बसलेलं ॲस्फाल्टीन आपणहून जवळपास उठत नाही, म्हणून मुरलेल्या पापुद्र्यापेक्षा ताज्या पापुद्र्यावर डिमल्सिफायर कितीतरी चांगला चालतो. त्याला पाण्याच्या आधी किंवा निदान पाण्याबरोबर सीमेवर पोहोचू द्या. क्रूड चार्ज पंपाच्या सक्शनला सोडणं मला सर्वांत योग्य वाटतं, मिक्सिंग व्हॉल्व्हच्या तोंडाशी नाही. डोस वाढवत नेण्याला मर्यादा आहे: एका पातळीनंतर तोच रेणू सीमेवर गर्दी करून इमल्शन टिकवू लागतो. बॉटल टेस्टमध्ये (बाटलीतल्या नमुन्यावर रसायन तपासण्याच्या चाचणीत) डोसप्रमाणे तेलात उरणाऱ्या पाण्याचा आलेख काढा आणि सर्वांत खालचा बिंदू शोधा. घनकण जास्त निघाले तर पुरवठादाराकडून वेगळा वेटिंग एजंट (कणांना पाण्याने भिजवणारं रसायन) मागवा. डिमल्सिफायरच दुप्पट करून कण पाण्यात जात नाहीत.

बॉटल टेस्टबद्दल एकच आग्रह धरतो. नमुना त्याच शिफ्टमध्ये, गरम असतानाच तपासा. ट्राय-कॉकमधून (डिसॉल्टरच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या नमुन्याच्या तोटीतून) काढलेलं इमल्शन बाटलीत भरून दोन दिवसांनी पुरवठादाराच्या प्रयोगशाळेत गेलं की तोवर पापुद्रा मुरतो, हलके घटक उडतात, मेण धरतं, आणि तिथे निवडलेलं रसायन तुमच्या डिसॉल्टरसाठी नसून त्या बाटलीसाठी निवडलेलं असतं. बाटलीवर वेळ, तापमान, ट्राय-कॉकचा क्रमांक आणि त्या वेळचं ब्लेंडचं प्रमाण लिहा. वॉश वॉटरचा नमुना वेगळ्या बाटलीत, सामू तिथल्या तिथे मोजून. हे सगळं आणि दोन्ही क्रूडचे हेप्टेन टायट्रेशनचे (हेप्टेन घालत जाऊन अवक्षेप कुठे सुरू होतो ते मोजण्याचे) आकडे पाठवलेत, तर काठ नेमका कुठल्या प्रमाणाला लागतो ते मी तुम्हाला आलेखावर काढून देईन.